धाव

पहिल्याच मंगळवारी मी चाकांकडे बघून म्हणाले,
ही तर वाकडी आहेत.
वर आत झुकलेली, खाली फाकलेली,
ओझ्यानं दमलेलं घोडं पाय रोवून उभं राहतं, तशी.
पाना घेऊन सरळ करायला बसलेसुद्धा.
ऑर्लानं माझं मनगट धरलं,
"तशीच असतात ती. म्हणून तर वळतात."
चौदा वर्षांची पोर.
पायांचं मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.
चाकांचं मात्र अर्धा तास सांगत होती.

कीथलीच्या या हॉलचं छप्पर गळतं.
डाव्या बास्केटखाली एक निळी बादली असते
आणि भरवेगात तिला वळसा कसा घालायचा
हे सगळ्यांना पाठ आहे,
पाहुण्या संघांना नाही.

खेळणारे अकरा, खेळाच्या खुर्च्या सहा.
एका खुर्चीला एका जुन्या मोटारीएवढे पैसे पडतात.
शिट्टी वाजली की उतरायचं, दुसऱ्यानं बसायचं,
पट्टे पुन्हा आवळायचे.
कुणाच्या तरी पाठीची ऊब उशीत तशीच.

सातव्या खुर्चीसाठी
बाजारातल्या खाटकानं गल्ल्याशेजारी बरणी ठेवली,
मशिदीच्या तळघरात नुसरतआपांनी समोसे तळले,
चर्चच्या बायकांनी केक विकले,
त्यातले दोन करपलेले, तेही खपले.
मोजले तेव्हा तीनशे एकवीस पौंड आणि शर्टाचं एक बटण.
डेस्मंड, जन्मभर बस चालवलेला,
शनिवारी व्हॅन फुकट चालवतो
आणि वाटभर पेट्रोलच्या भावावर कुरकुरतो.
ऐकून घ्यायचं, तेवढंच त्याचं भाडं.

इथे एक नियम आहे.
जो 'बिचारे' म्हणेल त्यानं बरणीत एक पौंड टाकायचा.
पहिल्या महिन्यात माझेच चार गेले.
मग मी हळूच मराठीत 'अरेरे' म्हणू लागले.
तिसऱ्या मंगळवारी त्यांनी तोही शब्द ओळखला.

माझे वडील बैलगाडीची चाकं करायचे, सांगोल्याकडे.
तुंबा, आरे, पाट,
आणि वरून लोखंडाची धाव, लालबुंद तापवलेली.
ती चढवताना पाणी ओतायचं काम माझं.
चर्र आवाज, वाफ,
लोखंड आवळत जाऊन लाकूड कण्हायचं.
पोरीच्या जातीला तेवढंच, बाकी हात लावायचा नाही.
आज माझ्या मांडीवर चाक आहे.
आरे तारेसारखे बारीक, एकेक छेडून बघते.
सैल असलेला बद्द वाजतो.

एकदा दोन खुर्च्या धाडकन आदळल्या
आणि ऑर्ला आडवी झाली, खुर्चीसकट.
मी पाना टाकून पळाले,
हे गुडघे बासष्ट वर्षांचे, तरी पळाले.
बाकी कुणी जागचं हललं नाही.
ती फरशीवर पडून हसत होती.
मग तळहात टेकला, कंबरेनं एक हिसका दिला,
आणि उभी. म्हणजे बसलेली. म्हणजे
जशी असते तशी.
मी मध्येच, हात पुढे केलेली.
"एक पौंड," ती म्हणाली.
मी तर काही बोललेच नव्हते.
"तोंडावर होतं."

सातवी खुर्ची आली त्या दिवशी तिनं विचारलं,
टायरला तुमच्याकडे काय म्हणतात?
म्हटलं, आमच्या गाडीला असायची ती धाव.
आणि धाव म्हणजे, पळ, असंही.
"दोन्हीला एकच शब्द?"
एकच.
ती बराच वेळ गप्प राहिली.
मग मला चिकटपट्टीवर लिहून द्यायला लावलं
आणि बघून बघून, जीभ दातांत धरून,
खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं उतरवलं.
'व'च्या पोटात एक रेघ जास्त ओढली गेली,
तेव्हा 'धाब' झालंय.

मी दुरुस्त केलेलं नाही.
उद्या हलला सामना आहे, दोन ट्यूब कमी पडतायत
आणि डेस्मंड सात वाजता निघायचं म्हणतोय.